पायरीवरचे शूज

या दरीत धावण्यासारख्या वाटा तीनच. तिन्हींची खरी नावं लाकडी पाट्यांवर कोरलेली आहेत, पण मी त्यांना माझी नावं ठेवली होती: रुळांची वाट, गिरणीची वाट आणि देवळाची वाट. ही नावं मी कुणाला सांगितली नाहीत, कारण सांगायला कुणी नव्हतं.

गाव कोलोराडोच्या डोंगरात, नऊ हजार फुटांवर. एके काळी इथे चांदीच्या खाणी होत्या. आता खाणी बंद आणि त्यांची माहिती देणाऱ्या पाट्या तेवढ्या जागोजाग उभ्या. एक मोठा रस्ता, एक शाळा, एक छोटं हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलला फार्मसिस्ट मिळत नव्हता आणि मला नेपरव्हिलच्या घरात राहवत नव्हतं, म्हणून आमचं जमलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तळघरात त्याची हत्यारं, गॅरेजमध्ये बर्फ काढायचं मशीन, जे मला कधीच धड सुरू करता आलं नाही. शेवटी घर विकलं. मुलगी दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असते, एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, एकटीच राहते. ती म्हणाली, "आई, सिंपल आहे. तू माझ्याकडे ये." मी म्हटलं, येईन, पण आत्ता नाही. आणि नोव्हेंबरात उन्हाळा संपेपर्यंतचं काँट्रॅक्ट घेऊन मी इकडे आले.

लेकीच्या घरी 'आई आलीय राहायला' होऊन राहायची मला धास्ती होती. माझ्या ओळखीच्या किती जणी तशा राहतात! सकाळी सगळे कामावर गेले की डिशवॉशर रिकामा करायचा, खिडकीशी बसायचं आणि संध्याकाळी गॅरेजचं दार वाजतंय का ते ऐकायचं. मला अजून एकटीने राहता येतं हे मला दाखवून द्यायचं होतं. लेकीला, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही. एवढ्या एका हट्टावर मी तो अख्खा हिवाळा काढला.

धावण्याचं खूळ पन्नाशीतलं. नेपरव्हिलला आम्ही चार-पाच जणी शनिवारी सकाळी नदीकाठच्या वाटेवर जमायचो. नावाला धावणं, निम्मा वेळ चालणं आणि पूर्ण वेळ बोलणं. सलवारीवर स्पोर्ट्स शूज घालून सुरुवात केली तेव्हा कुणी हसलंही असेल. हसतील त्यांचे दात दिसतील. धावून झालं की कुणाच्या तरी घरी तर्री-पोहे, आणि जेवढं घटवलं त्याच्या दुप्पट भरून घरी. मग एक जण नातवंडांसाठी मॉरिसव्हिलला गेली, एकीचे गुडघे गेले, एक भारतात परतली. शेवटी मी एकटीच धावत राहिले, आणि बोलणं बंद पडल्यामुळे माझा वेग वाढला.

इथे रुळांची वाट सगळ्यात सोपी. जुन्या अरुंद आगगाडीचे रूळ कधीच उपटून नेले, मागे फक्त तो सपाट पट्टा राहिलाय, डोंगराच्या कडेकडेने गेलेला. आगगाडीला फार चढ सोसत नसे, त्यामुळे साठीकडे झुकलेल्या बाईलाही ही वाट सोसते. मध्यावर इंजिनात पाणी भरायची एक लाकडी टाकी आहे, एका बाजूला कललेली, कमरेला लोखंडी पट्टे आवळलेली. हिवाळ्यात शूजला काटे चढवून मी तिथवर जायचे. बर्फावर कोल्ह्याच्या पावलांशिवाय काही नसायचं. पहिल्या महिन्याभरातच मी त्या टाकीला "काय काकू, बऱ्या आहात ना?" असं विचारायला लागले. त्यात गंमत किती आणि काळजीचं किती, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

गिरणीची वाट चढाची. खाणीतला दगड कुटून त्यातली चांदी काढायची ती गिरणी डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उभी आहे, म्हणजे जी काही उरली आहे ती. वारा सुटला की तिचा पत्रा वाजतो. शंभर-सव्वाशे वर्षांचं जे काही उभं किंवा आडवं असेल त्याला इथे ऐतिहासिक म्हणतात. त्या हिशेबाने नागपुरातलं माझ्या मावशीचं न्हाणीघरसुद्धा कुंपण घालून जपायला हवं होतं. पण गिरणीपाशी एक पाटी आहे, तिच्यापुढे मी थांबायचेच. धाप लागलेली असायची हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या पाटीवरचा फोटो. खाणकामगारांच्या खानावळीपुढे रांगेत उभी माणसं, कुणी इटलीचं, कुणी फिनलंडचं, कुणी इंग्लंडच्या कुठल्या टोकाचं. एकही जण हसत नाही. खाली लिहिलंय की एक जण कामावर गेला की त्याच्या अजून ऊब असलेल्या अंथरुणात दुसरा येऊन झोपायचा. आमच्यासारखेच काँट्रॅक्टवर आलेले, मी मनात म्हणायचे, फक्त व्हिसाची कटकट नव्हती. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि त्याचं मला हसूही यायचं. निदान अंथरूण उबदार मिळायचं.

माझी खोली सरकारी ऑफिससारखी स्वच्छ होती. हॉस्पिटलातले लोक चांगले. लिफ्टमध्ये, कॅफेटेरियात, रस्त्यात, सगळे हसून "कशी आहेस?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचे. त्यांचा काही दोष नाही, ते विचारणं तेवढंच असतं. पण कधी कधी मी शुक्रवारी संध्याकाळी फार्मसीचं शटर ओढायचे आणि सोमवारी सकाळी ते उघडेपर्यंत मराठी सोडाच, कुठल्याच भाषेत समोरासमोर माणसाशी बोललेली नसायचे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी तर डोंगराच्या आतच राहायला आले होते.

लेकीचा फोन मात्र रोज यायचा, संध्याकाळी, तिच्या घरी ती जेवायला घ्यायच्या वेळेला. मी स्पीकरवर टाकून खुर्चीत बसायचे.

"काय चाललंय?"

"मजेत. तुझं?"

"सेम. बिझी. आज किती पळालीस?"

मी सांगायचे. मग ती म्हणायची, "आय सॉ. तुझा डॉट ब्रिजपाशी थांबला होता." तिच्या फोनवरच्या नकाशात मी एक निळा ठिपका होते. गावाबाहेर नदीवर पूल आहे, त्याच्या पलीकडे सिग्नल जातो, त्यामुळे मी देवळाच्या वाटेला लागले की माझा ठिपका पुलावर अडकून पडायचा आणि मी परत येईपर्यंत लेक तिकडे ऑफिसात अस्वस्थ. मला याची मजा वाटायची. लहानपणी तिने मला मॉलमध्ये किती वेळा घाबरवलं होतं, थोडी फेड होऊ दे.

देवळाची वाट म्हणजे नदीकाठची. तिच्या टोकाला नदीच्या अगदी वर एका उंचवट्यावर एक छोटं लाकडी चर्च आहे, खाणवाल्यांनी बांधलेलं. पांढरा रंग, अरुंद खिडक्या, दाराशी तीन दगडी पायऱ्या. हिवाळाभर त्याला कुलूप होतं. मी पायरीला हात लावून परत फिरायचे, म्हणून ते माझ्यापुरतं देऊळ.

जूनमध्ये हॉस्पिटलने विचारलं, आणखी एक वर्ष राहणार का? सोमवारी कळवा म्हणाले. मला आनंद झाला. माझा हट्ट खरा ठरत होता. शुक्रवारी संध्याकाळी मी हे लेकीला सांगितलं.

"नो, आई. कॅन्सल कर. सांग त्यांना जमणार नाही."

"का नाही जमणार?"

"तिथे तुझं आहे कोण?"

"इथे माझे पाय आहेत," मी म्हटलं. "कुठे न्यायचं ते अजून मी ठरवते."

"धिस इज नॉट फनी यार. मी रोज एका डॉटकडे बघत बसते. तुला काही झालं तर कुणाला कळणार पण नाही. तुला कोणी लागतच नाही का?"

"नाही लागत," मी म्हटलं. "मला कुणाची गरज नाही."

तिने फोन ठेवला. माझी लेक रागावली की दार आपटते. फोनला आपटायला दार नसतं, म्हणून ती गप्प होते. मी पुन्हा फोन केला नाही. मी मूळची नागपूरची, ऊन आणि हट्ट दोन्ही आम्हाला सोसतात. पण ते वाक्य तोंडातून गेल्यावर खोलीत जे उरलं, ते मला अजिबात आवडलं नाही.

शनिवारी सकाळी धावायला निघाले, ते देवळाच्या वाटेने. बर्फ वितळून नदी काठोकाठ भरली होती आणि इतका आवाज करत होती की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. पाण्याचा रंग दुधाळ हिरवा. पूल ओलांडला, वाटेवर चिखल चुकवत टोकाला पोचले, तर चर्चचं दार उघडं. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी दिवसभर उघडं ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. आत कुणी नव्हतं. बाकं, एक टेबल, खिडकीतून आलेलं ऊन.

आणि मी शूज काढले.

चर्चमध्ये कुणी शूज काढत नाही, हे मला या देशात पहिल्या महिन्यात कळलं होतं. लग्नांना, अंत्यविधींना मी कितीदा चर्चमध्ये गेलेय, शूज घालूनच. पण त्या दिवशी मला कुणी बघणारं नव्हतं, आणि मी त्याला महिनोन् महिने देऊळ म्हणत आले होते. हात आपोआप नाड्यांकडे गेले. लेकीनेच पाठवलेले शूज, शिकाऱ्यांना लांबून दिसावेत म्हणून भडक नारिंगी, संत्र्याच्या रंगाचे. वरच्या पायरीवर जोडीने ठेवले. मोजे गुंडाळून त्यांत खोचले. टोपी त्यांच्यावर ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून टोपीवर एक दगड. माझ्या आईने लावलेलं वळण. देवळाबाहेर काढलेल्या चपलासुद्धा नीट असाव्यात.

आत बसले थोडा वेळ. प्रार्थना वगैरे काही केली नाही. आपण काल काय बोललो, एवढाच विचार. मागचं दारही उघडं होतं आणि त्याच्या पलीकडे गवत, त्यात जुनं दफनस्थान. मी अनवाणीच बाहेर पडले. या गावात आल्यापासून माझे पाय जमिनीला लागलेच नव्हते. बर्फ, बूट, गालिचा, हॉस्पिटलची फरशी. ते गार गवत पायाखाली आलं आणि मला एकदम रडू आलं. कशाचं ते विचारू नका. एका छोट्या दगडी भिंतीच्या आडोशाला, कुणाच्या तरी थडग्यापाशी उन्हात बसून मी मनसोक्त रडले. मला फार एकटं वाटत होतं. हिवाळाभर वाटत होतं. रडून दमले आणि तिथेच गवतावर आडवी झाले. आठवडाभराची झोप साठली होती, ऊन छान होतं, नदीचा एकसुरी आवाज. डोळा लागला.

जागी झाले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि चर्चच्या पुढच्या बाजूने माणसांचे आवाज येत होते. भिंतीला वळसा घालून पुढे आले तर खाली नदीकाठावर दहा-बाराजण. कुणाच्या खांद्यावर दोरांची वेटोळी, कुणी काठीने काठचं झुडूप चाचपतंय, शेरीफचा एक माणूस गणवेशात, रेडिओवर बोलतोय. थोड्या अंतरावर एक म्हातारं जोडपं, बाई तोंडावर हात ठेवून उभी. सगळे पाण्याकडे बघत होते. कुणी तरी बुडालं होतं.

मी अनवाणी उतरत काठाशी गेले आणि एका तरुणीशेजारी उभी राहून पाण्याकडे बघू लागले. आपल्याकडे नाही का, अपघात झाला की गर्दीत जाऊन उभं राहतो, तसंच.

"काय झालं? कोण पडलं?" मी विचारलं.

ती पाण्यावरची नजर न काढता म्हणाली, "एक बाई. साठीच्या आसपासची. भारतीय आहे म्हणतात. हॉस्पिटलमध्ये काम करायची."

करायची, म्हणाली ती.

मी पाण्याकडे बघत राहिले. खरं सांगते, क्षणभर मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. या गावात आणखी एक भारतीय बाई होती आणि आपल्याला कळलंही नाही, आपण तिला एकदा तरी चहाला बोलवायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. मग शेरीफचा माणूस वळला. त्याच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात संत्र्याच्या रंगाचे शूज.

"ते माझे आहेत," मी म्हटलं.

पुढचा प्रकार सांगण्यासारखा नाही. म्हातारी बाई मला घट्ट धरून रडली. तिने आणि तिच्या नवऱ्याने पायरीवरचे शूज आधी पाहिले होते. नीट जोडीने ठेवलेले, मोजे आत, टोपीवर दगड, खाली फुगलेली नदी, आणि आत-बाहेर कुणी नाही. हाका मारल्या, पण नदीच्या आवाजात मला कुठल्या ऐकू येणार? कुणी मागच्या दारातून डोकावलंही होतं, पण मी भिंतीआड आडवी. शूज काढून नीट ठेवणारा माणूस पाण्यात जीव द्यायला निघालेला असतो, असाच त्यांचा समज. म्हणून पुलापर्यंत जाऊन त्यांनी फोन केला. दारातून आत जाणाराही शूज काढतो, हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बचाव पथकात आमच्या लॅबमधला एक दाढीवाला होता. त्याने शूज ओळखले. "आमच्या फार्मसीतली," म्हणाला, "रोज पळते." मग हॉस्पिटलला फोन, आणि तिथून माझ्या मुलीचा नंबर.

मी दाढीवाल्याला म्हटलं, मला वाटलं नव्हतं मी पळते हे कुणाला माहीत असेल. तो म्हणाला, "सगळ्या गावाला माहीत आहे. टाकीशी बोलतेस तेही." बिचारा मला हसवायला म्हणाला. मी हसले आणि मग मला तिथे उभं राहवेना.

शेरीफच्या माणसाने मला गाडीत घातलं आणि पुलाच्या अलीकडे येऊन सिग्नल मिळाल्यावर स्वतःचा फोन दिला. लेकीने लगेच उचलला.

"मी आहे ग," मी म्हटलं. "मी आहे. मी चर्चमध्ये गेले होते."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, पळून आलेल्या माणसाचा असतो तसा. मग "आई" एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

घरी येऊन मी टबात गरम पाणी आणि मीठ घालून पाय सोडून बसले. काट्याकुट्यांनी तळवे सोलले होते. भीती ओसरली तशी लाज वाटायला लागली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग. माझा राग नेहमी उशिरा येतो आणि आला की भलत्याच माणसाकडे जातो. बाकीच्यांचं सोडा, पण हिला कळू नये? जन्मल्यापासून जिच्या घरी दाराबाहेर शूज काढलेत, नेपरव्हिलच्या मंदिरात जी स्वतःचे शूज हरवून अनवाणी पार्किंगमध्ये रडली होती, तिला? त्या सगळ्या माणसांत शूज बाहेर म्हणजे आई आत, हे सांगू शकणारी ती एकटी होती.

फोन वाजला तेव्हा मी हेच तिला सुनावलं. एक शब्दही न गाळता.

"त्यांनी तुला सांगितलं ना, शूज पायरीवर होते म्हणून? दाराच्या पायरीवर! मग आत बघा, एवढं म्हणता येत नाही? आपल्या घरी कधी कुणी शूज घालून आत आलंय? तुझा लगेच विश्वास बसला?"

"बसला," ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लेट मी टेल यू," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मला फोन केलेल्या त्या शेरीफ ऑफिसच्या डिस्पॅचवाल्या बाईने विचारलं, वॉज शी लोनली? मी म्हटलं, येस. ती म्हणाली, का वाटतं तुला असं? आणि मी सांगायला लागले, आई. म्हटलं, घरी आल्यावर तिच्याशी बोलायला कुणी नसतं. ती किचन काउंटरपाशी उभी राहून जेवते, कारण एकटीसाठी टेबलवर बसायला तिला ऑकवर्ड होतं. टीव्ही चालू ठेवते, बघत नाही, जस्ट फॉर द व्हॉइसेस. संडेला दिवसभर तिचा आवाज फुटलेला नसतो. लोकांना सांगते बिझी आहे, म्हणजे कुणी विचारत नाही. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. शी वॉज व्हेरी काइंड."

"अग, पण मी..."

"थांब ना. मग फोन ठेवल्यावर मला स्ट्राइक झालं. तू उभी राहून जेवतच नाहीस. यू नेव्हर डू. तू ताट-वाटी घेऊन बसतेस, एकटी असलीस तरी. तुझ्याकडे तर टीव्ही पण नाहीये." मग म्हणाली, "ते सगळं माझं होतं, आई."

पाणी गार होत आलं होतं. मी पाय बाहेर काढले आणि ओल्याच पायांनी खोलीच्या मध्ये उभी राहिले. रोज संध्याकाळी मी स्पीकरवर तिचं जेवण ऐकत होते. चमच्याचा आवाज, मागे कुणीतरी बातम्या देतंय. मला वाटायचं, किती भरलेलं घर आहे हिचं. इतके महिने तिला मी एकटी राहू शकते हे सांगत आले. ती राहू शकते का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

"मी सोमवारी त्यांना नाही म्हणून सांगते," मी म्हटलं. "काँट्रॅक्ट संपलं की येते तुझ्याकडे."

"माझ्यासाठी येऊ नकोस. प्लीज. आय डोंट वॉन्ट दॅट. काल तू म्हणालीस ना, तुला गरज नाही."

"काल खोटं बोलले," मी म्हटलं. "मलाही फार एकटं वाटतं ग इथे."

हे मी मराठीत, मोठ्याने, कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते. पलीकडे ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मधेच श्वास अडकवून. एरवी मी लगेच 'पुरे आता, डोळे पूस' म्हटलं असतं. त्या दिवशी नाही म्हटलं. मी फोन कानाशी धरून खुर्चीत बसले, आणि तिचं रडून होईपर्यंत बसून राहिले.